ताकदही हवी, दमही हवा: रोजची कामं सांभाळून फिटनेस स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी सरावाची मांडणी

स्पर्धेच्या दिवशी दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिली, जड वजनाच्या फेरीत सगळ्यांना गार करणारी आणि पुढच्याच फेरीत तिसऱ्या मिनिटाला गुडघ्यांवर हात टेकून उभी राहणारी. दुसरी, वीस मिनिटं न थांबता चालत राहणारी, पण बारवर एक प्लेट जास्त चढली की नुसती बघत बसणारी. मी बरीच वर्षं दुसऱ्या गटात होतो. आठवड्याला पाच दिवस सराव, रोज घड्याळ लावून, रोज जमिनीवर आडवं पडेपर्यंत. दोन वर्षांनी सरावाची वही मागे चाळली तेव्हा दिसलं की स्क्वॉट ११५ वरून ११७.५ किलोवर आला होता आणि २००० मीटर रोइंगची वेळ चार सेकंदांनी सुधारली होती. एवढ्या घामाची कमाई अडीच किलो आणि चार सेकंद!

कष्टात कसूर नव्हती. रोजचा सराव एकाच रंगाचा होता, ही खरी अडचण होती. ताकद वाढावी इतका जड नाही, दम वाढावा इतका लांब नाही, नुसताच दमवणारा. एक ना धड, भाराभर चिंध्या.

हा लेख आठवड्याला चार ते सहा तास काढू शकणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या स्पर्धेत बारबेलही असतो, पुल-अपही असतात आणि धावणं किंवा रोइंगही असतं, त्यांच्यासाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं: एका वेळी एक बाजू पुढे न्यायची, दुसरी धरून ठेवायची, आणि धरून ठेवायला किती कमी पुरतं ते ओळखायचं.

## हिक्सन यांचा प्रयोग आणि त्यातून उठलेली भीती

‘पळालास की ताकद जाते’ हे जिममधलं जुनं वाक्य. त्याच्या मुळाशी १९८० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी तीन गट केले. एक गट आठवड्याला पाच दिवस पायांचा वजनांचा व्यायाम करणारा, दुसरा सहा दिवस दमसासाचा सराव करणारा आणि तिसरा दोन्ही करणारा. प्रयोग दहा आठवडे चालला. पहिले सहा-सात आठवडे तिसऱ्या गटाची ताकद पहिल्या गटासारखीच वाढली. मग ती थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क उतरली. दमसास मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचा सारखाच वाढला.

निष्कर्षाचा गवगवा झाला, पण तिसऱ्या गटाचं वेळापत्रक फार कमी जणांनी वाचलं. आठवड्याला अकरा सेशन! दमसासाच्या सहा दिवसांपैकी तीन दिवस सायकलवर पाच-पाच मिनिटांचे सहा इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत केलेले जोराचे तुकडे), तेही जवळजवळ कमाल क्षमतेवर. उरलेले तीन दिवस ४० मिनिटांपर्यंत जमेल तितकं जोरात पळणं. सहांपैकी एकही दिवस सोपा नाही. असं वेळापत्रक अंगावर घेतल्यावर शेवटी ताकद उतरली नसती तरच नवल.

पुढे चित्र बरंच मवाळ झालं. २०१२ साली २१ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा दिसलं की ताकदीला सायकलपेक्षा धावण्याचा अडथळा जास्त होतो, आणि दमाच्या सरावाचे दिवस व मिनिटं वाढतील तसा तो वाढतो. २०२२ च्या आणखी मोठ्या आढाव्यात कमाल ताकद आणि स्नायूंचा आकार या दोन्हींचं फारसं बिघडलेलं दिसलं नाही. झटक्याची ताकद, म्हणजे उडी किंवा क्लीनमध्ये (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांवर घेण्यात) लागते ती, थोडी मागे राहते आणि तीही दोन्ही सराव एकाच सेशनमध्ये कोंबले तर जास्त. एएमपीके (दमाच्या सरावाने जागी होणारी) आणि एमटॉर (स्नायू वाढवणारी) या पेशींमधल्या दोन यंत्रणांच्या भांडणावर तासन्‌तास वाद घालणारे भेटतील. माझ्या अनुभवात पाच तास सराव करणाऱ्याचा बार त्या भांडणाने अडत नाही, तो कालच्या थकव्याने अडतो.

## पायरी १: आधी मोजा, मग ठरवा

आपण कशात कमी आहोत हे बहुतेकांना ठाऊक असल्यासारखं वाटतं, आणि बहुतेकांचं चुकतं. शेवटची फेरी जिथे बिघडली तेवढीच लक्षात राहते. म्हणून दोन आठवडे चाचण्यांना द्या. एका दिवशी एकच मोठी चाचणी, आणि आदल्या दिवशी हलकं काम.

ताकदीसाठी बॅक स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि उभ्याने प्रेस. एका रेपची, म्हणजे एकदाच उचलता येईल त्या वजनाची, कमाल काढायची गरज नाही. तंत्र न बिघडवता पाच रेप्स निघतील असं जड वजन शोधा आणि एप्ली यांच्या सूत्रात घाला: रेप्सना ३० ने भागा, त्यात १ मिळवा, येईल त्याने वजनाला गुणा. १०० किलोच्या पाच रेप्स निघाल्या तर अंदाजे कमाल ११६ ते ११७ किलो. दहाच्या पुढच्या रेप्सवरून हा अंदाज फसवा होत जातो. सोबत झोका न घेता किती पुल-अप होतात तेही लिहून ठेवा.

दमासाठी रोइंग मशीनवर ५०० मीटर आणि दुसऱ्या दिवशी २००० मीटर. मशीन नसेल तर ४०० मीटर आणि ५ किलोमीटर पळा.

तिसरी चाचणी मिश्र. दहा-बारा मिनिटांचा तुमच्या ओळखीचा कुठलाही वर्कआउट घ्या, पण प्रत्येक फेरीची वेळ वेगळी टिपा. एकूण वेळेपेक्षा पहिल्या आणि शेवटच्या फेरीतला फरक जास्त बोलतो.

आता हे आकडे वाचायचे कसे? रोइंग करणाऱ्यांत एक ढोबळ नियम चालतो: अंतर दुप्पट झालं की ५०० मीटरमागची वेळ साधारण पाच सेकंदांनी वाढते. ५०० वरून २००० वर जाताना अंतर दोनदा दुप्पट होतं, म्हणून दहा सेकंद. समजा ५०० मीटर १:३५ मध्ये झाले, तर २००० मीटरला सरासरी १:४५ अपेक्षित, म्हणजे एकूण ७ मिनिटं. प्रत्यक्षात सरासरी १:५३ आली तर जोर आहे, तो टिकवणारं इंजिन नाही. सरासरी १:४२ आली तर उलट: दम चांगला आहे, पण एका ओढीत घालायला ताकदच कमी आहे. अशा माणसाने आणखी इंटरव्हल केले तर त्याला फार काही मिळणार नाही, आणि नेमका तोच इंटरव्हल करत बसलेला असतो. मी बसलो होतो.

वजनाच्या बाजूनेही असंच वाचता येतं. क्रॉसफिटमधला ‘फ्रॅन’ हा वर्कआउट घ्या: २१, १५ आणि ९ थ्रस्टर (बार खांद्यांवर घेऊन स्क्वॉट आणि उठता उठता तो डोक्यावर), मध्ये तितक्याच पुल-अप, पुरुषांसाठी बार ९५ पौंड म्हणजे ४३ किलो. ज्याचा कमाल थ्रस्टर ६० किलो आहे त्याच्यासाठी हा बार ७२ टक्क्यांचा झाला. एवढ्या वजनावर ताज्या अंगानेही सलग दहा-बारा रेप्सच निघतात, मग २१ कुठून निघणार? ज्याचा कमाल ९० किलो आहे त्याला तोच बार ४८ टक्क्यांचा. पहिला माणूस धापा टाकताना दिसतो म्हणून त्याला ‘दम वाढव’ असा सल्ला मिळतो, पण खरं तर त्याच्या हातात जड वजनाचा सेट आहे. माझा ठोकताळा असा: तुमच्या स्पर्धांमधली नेहमीची वजनं कमालीच्या ६० टक्क्यांच्या वर जात असतील तर आधी ताकद. ४५ टक्क्यांच्या खाली असूनही तुम्ही मागे पडत असाल तर आधी दम.

कधी कधी दोन्ही ठीक निघतात आणि तरीही निकाल वाईट असतो. तेव्हा कौशल्य तपासा. दोरीच्या दुहेरी उड्यांमध्ये दर सातव्या उडीला पाय अडकत असेल तर स्क्वॉट वाढवून तो सुटणार नाही.

## पायरी २: एक बाजू पुढे, दुसरी जागेवर

दिशा ठरली की आठ ते दहा आठवडे ती बदलायची नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला फार कठीण, कारण तिसऱ्या आठवड्यात शेजारचा कुणीतरी आपल्याला एखाद्या वर्कआउटमध्ये मागे टाकतो आणि आपली दिशा डळमळते.

इथे हिक्सन पुन्हा उपयोगी पडतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लोकांनी दहा आठवडे सहा दिवस जोरदार दमसासाचा सराव केला. नंतर तो चार किंवा नुसत्या दोन दिवसांवर आणला, जोर आणि मिनिटं मात्र तीच ठेवली. पुढचे पंधरा आठवडे त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. नंतरच्या एका अभ्यासात दिवस आणि मिनिटं तीच ठेवून जोर कमी केला, तेव्हा ती घसरली. ताकदीचंही तसंच आहे. २०११ च्या एका अभ्यासात १६ आठवडे कमावलेली ताकद तरुणांनी मूळ सरावाच्या नवव्या हिश्शावर ३२ आठवडे टिकवली. साठीच्या पुढच्यांची ताकद टिकली, पण स्नायूंचा आकार एवढ्याशा सरावावर टिकला नाही. तेव्हा वय जास्त असेल तर हा हिस्सा मोठा ठेवा.

सरावाच्या भाषेत याचा अर्थ असा. दम पुढे नेत असाल तर ताकद धरून ठेवायला आठवड्यातून दोनदा, प्रत्येक मुख्य उचलीचे दोन-तीन जड सेट पुरतात. ताकद पुढे नेत असाल तर एक जोराचं आणि एक हळू असं दोन दिवसांचं दमाचं काम पुरतं. कमी करायचं ते प्रमाण. वजन किंवा वेग कमी केला तर धरून ठेवलेली बाजूही हातची जाते.

## पायरी ३: ताकदीचं सेशन ताकदीचंच राहू द्या

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. स्क्वॉटच्या दोन सेटमध्ये बर्पी (जमिनीवर आडवं होऊन उठून उडी) करणारे, विश्रांतीत दोरी मारणारे, मिनिटामिनिटाला बारखाली जाणारे. घाम येतो म्हणून काहीतरी भारी केल्यासारखं वाटतं. पण जड सेटनंतर स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जेचा, साठा बऱ्यापैकी भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. मिनिटभरात पुन्हा बार उचललात तर तो साठा अर्धवटच भरलेला असतो आणि मग वजन उतरवावं लागतं. म्हणून मुख्य उचलीत तीन मिनिटं बसा. कंटाळा येईल, येऊ द्या.

दर सेशनला एक किंवा दोन मोठ्या उचली आणि दोन लहान पूरक व्यायाम बास झाले. किती सेट, किती रेप्स, यासाठी सोव्हिएत वेटलिफ्टिंगमधून आलेला प्रिलेपिनचा तक्ता अजूनही कामाचा आहे. ७० ते ७९ टक्क्यांवर एका सेटमध्ये ३ ते ६ रेप्स, एकूण १८ च्या आसपास. ८० ते ८९ टक्क्यांवर २ ते ४ रेप्स, एकूण १५ च्या आसपास. ९० च्या वर एक-दोन, एकूण ४ ते १०. तक्ता क्लीन आणि स्नॅच (बार जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर) करणाऱ्यांसाठी होता, त्यामुळे स्क्वॉटमध्ये तो थोडा सोपा वाटतो. आपल्याला तो सोपाच हवा आहे, कारण उद्या पळायचंही आहे.

१२० किलो कमाल असलेल्या माणसाचा स्क्वॉट असा चालवता येईल:

- पहिला आठवडा: ९० किलो, ५ रेप्सचे ४ सेट
- दुसरा: ९५ किलो, ३ रेप्सचे ५ सेट
- तिसरा: १०२.५ किलो, २ रेप्सचे ५ सेट
- चौथा, हलका: ८५ किलो, ३ रेप्सचे ३ सेट

पाचव्या आठवड्यापासून हीच शिडी प्रत्येक पायरीवर अडीच किलो चढवून पुन्हा. आठव्या आठवड्याच्या शेवटी पाच रेप्सची चाचणी. प्रत्येक सेटनंतर स्वतःला विचारायचं, आणखी किती निघाल्या असत्या? दोन किंवा तीन हे बरोबर उत्तर. शून्य असेल तर वजन जास्त आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

## पायरी ४: दमाच्या तीन जाती

‘कंडिशनिंग’ म्हणून जे सरसकट केलं जातं त्यात तीन वेगळी कामं मिसळलेली असतात. ती सुटी करा.

पहिलं हळू काम: ४० ते ५० मिनिटं, सलग, पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्या वेगाने. चढावर वाक्य तुटायला लागलं तर चाला. सुरुवातीला हे लाजिरवाणं हळू वाटतं. स्पर्धेची सवय असलेल्यांना तर छळ वाटतो आणि वीस मिनिटांनी ते आपोआप वेग वाढवतात. मी घड्याळावरचा वेग झाकून ठेवायचो, तेव्हा कुठे जमलं. सायकल किंवा रोइंग घेतलं तर पायांना धावण्याचा मार बसत नाही. पण तुमच्या स्पर्धेत धावणं असेल तर पोटऱ्यांना त्याची सवय हवीच, त्यामुळे निम्मं काम तरी पळून करा.

दुसरं थ्रेशोल्डचं, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल अशा वेगाच्या वरच्या सीमेवरचं काम: आठ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये दोन मिनिटं हळू. वेग असा की तीन-चार शब्दच बोलता यावेत आणि चौथा तुकडा पहिल्याइतक्याच वेगात व्हावा. पहिल्यात उधळपट्टी केली तर सेशन वाया गेलं असं समजा. मिश्र वर्कआउटमध्ये ‘चालत राहण्याची’ जी क्षमता लागते ती मुख्यतः इथे तयार होते.

तिसरं तडाख्याचं काम: ३० सेकंद पूर्ण जोर, तीन मिनिटं विश्रांती, सहा वेळा. किंवा ५०० मीटरचे चार तुकडे, मध्ये तीन-चार मिनिटं. हे आठवड्यातून एकदा पुरे.

तडाख्याचं नाव निघालं की ‘तबाता’ येतंच. जपानी संशोधक इझुमी तबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासात २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या सायकलवर होत्या. जोर इतका की आठव्या फेरीनंतर पुढची निघूच नये. सहा आठवड्यांत दमसास आणि तडाख्याची क्षमता, दोन्ही वाढली. पण त्या गटाच्या पाच दिवसांपैकी एका दिवशी ३० मिनिटांची सलग, मध्यम सायकलही होती, ती सगळे विसरतात. आणि चार मिनिटं पोटाचे व्यायाम करून त्याला तबाता म्हणणं म्हणजे नुसतं घड्याळ उसनं घेणं.

प्रमाण किती ठेवायचं? सहनशक्तीच्या खेळांतले अव्वल खेळाडू साधारण ८० टक्के सेशन सोपे ठेवतात, हे संशोधक स्टीफन सायलर यांनी दाखवून दिलं आणि ८०-२० हा मंत्रच झाला. ते लोक आठवड्याला पंधरा-वीस तास सराव करतात. तुमच्याकडे दमासाठी तीन तास असतील तर नुसतं हळू पळून भागणार नाही. निम्मा वेळ हळू, उरलेला थ्रेशोल्ड आणि तडाखा, असं मी ठेवतो. आठवड्यात जोराचे दिवस तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि मिश्र वर्कआउटही जोराच्या दिवसातच मोजायचा.

## पायरी ५: आठवडा मांडताना

ताकद पुढे न्यायची असेल तर माझा आठवडा असा दिसतो:

- सोमवार: स्क्वॉट आणि प्रेस, शेवटी आठ मिनिटं हलकं मिश्र काम
- मंगळवार: ४० मिनिटं हळू सायकल, नंतर १५ मिनिटं कौशल्य
- बुधवार: सुट्टी
- गुरुवार: डेडलिफ्ट आणि पुल-अप
- शुक्रवार: थ्रेशोल्ड, सायकलवर किंवा पळून
- शनिवार: आधी क्लीन किंवा फ्रंट स्क्वॉट, मग स्पर्धेसारखा वर्कआउट
- रविवार: सुट्टी

शुक्रवारी रोइंग मुद्दाम टाळलं आहे. डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी कंबर आधीच भरलेली असते आणि तिसऱ्या तुकड्यात पाठ गोल व्हायला लागते. तसंच जड स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी जोरात पळणं म्हणजे दोन्हीचा बोऱ्या.

दम पुढे न्यायचा असेल तर सोमवार आणि गुरुवार ताकदीचेच राहतात, पण प्रत्येकी तीन जड सेटवर आणि पाऊण तासात आटोपतात. शनिवारची जड उचल गळते. शुक्रवारचं थ्रेशोल्ड मंगळवारी येतं, पण सायकलवर, शुक्रवारी हळू काम बसतं, आणि गुरुवारी उचलींनंतर थोडा तडाखा चालतो. रविवारी जमलं तर तासभर अगदी रमतगमत.

एकाच सेशनमध्ये दोन्ही करायची वेळ आली तर ताकद आधी. दिवसातून दोनदा जमत असेल तर मध्ये सहा तास तरी सोडा. आणि कठीण कामं एकाच दिवशी रचून सोपे दिवस खरंच सोपे ठेवणं, हे रोज थोडं थोडं कठीण करण्यापेक्षा परवडतं.

स्पर्धेचा प्रकारही बघा. हायरॉक्स या फिटनेस शर्यतीत एक-एक किलोमीटरचे आठ टप्पे धावायचे असतात आणि प्रत्येकानंतर एक स्टेशन, म्हणजे एक ठरलेला व्यायाम. बहुतेकांचा निम्म्याच्या आसपास वेळ धावण्यात जातो. तिथे स्क्वॉट १४० वरून १५० करण्यात फारसा अर्थ नाही, पण स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलायला पायांत जीव नसेल तर पुढचा किलोमीटर चालत जावा लागतो. बारबेल आणि जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत हाच हिशोब बराच ताकदीकडे झुकतो.

## पायरी ६: मिश्र सराव म्हणजे रंगीत तालीम

आठवड्यातून एकदाच, स्पर्धा जवळ आल्यावर दोनदा. इथे क्षमता वाढवण्यापेक्षा ती वापरायला शिकायचं असतं. आधी कागदावर ठरवा: २१ रेप्स ११ आणि १० अशा तोडणार, बार खाली ठेवल्यावर पाच श्वास घेणार आणि पुन्हा धरणार. हात सुटेपर्यंत थांबायचं नाही. हात सुटल्यावरची विश्रांती नेहमी ठरवलेल्या विश्रांतीपेक्षा लांबते. नव्वद टक्क्यांच्या आत राहून वर्कआउट पूर्ण करा आणि शेवटची फेरी पहिल्याच्या दहा टक्क्यांच्या आत येते का ते बघा. आली नाही तर पुढच्या वेळी सुरुवात हळू.

पूर्ण जीव ओतायचे दिवस महिन्यातून एक-दोन. ते वहीत आधीच लिहून ठेवा, नाहीतर दर शनिवारी तसा दिवस उगवतो.

## थकव्याकडे लक्ष

चौथा आठवडा हलका, हे ठरलेलं. सेट निम्मे करा, वजन थोडंच उतरवा. त्याआधीच अंग नाही म्हणत असेल तर तेही ऐका. नेहमीचं वॉर्मअपचं वजन जड वाटणं, सकाळचे ठोके सलग काही दिवस नेहमीपेक्षा जास्त असणं, झोप मोडणं, घरच्यांवर विनाकारण खेकसणं. एक दिवस वाईट गेला तर दुर्लक्ष करा. ओळीने तीन गेले तर त्या आठवड्याचं तडाख्याचं काम रद्द. आधी तेच काढायचं, जड उचली आणि हळू काम शेवटपर्यंत ठेवायचं.

आहाराबद्दल थोडक्यात. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन्ही बाजूंचा सराव करणाऱ्यांना कमी पडतात ते बहुधा कर्बोदकं. जोराच्या दिवशी ती कापून वजन उतरवायचा प्रयत्न केला तर पहिला बळी शनिवारच्या वर्कआउटचा जातो. स्त्रियांमध्ये पाळी लांबली किंवा थांबली तर ‘सराव चांगला चाललाय’ असं समजू नका. खाणं सरावाला पुरत नसल्याचं ते लक्षण असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

आणि एक धोक्याची खूण. मोठ्या खंडानंतर परत येऊन पहिल्याच दिवशी शंभर पुल-अप मारले, हात प्रमाणाबाहेर सुजले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर थेट दवाखाना गाठा. ऱ्हॅब्डोमायोलिसिसमध्ये तुटलेल्या स्नायूंमधले घटक मूत्रपिंडांवर येतात, तिथे घरी पडून राहणं महागात पडतं.

## शेवटचे दोन आठवडे

या दिवसांत नवी ताकद येत नाही आणि नवा दमही येत नाही, साचलेला थकवा तेवढा उतरतो. एकूण काम निम्म्यावर आणा, पण जोर आणि वजन तसंच ठेवा. शेवटची जड उचल स्पर्धेच्या सात-आठ दिवस आधी. शेवटचा कठीण मिश्र वर्कआउट पाच-सहा दिवस आधी. त्यानंतर छोटी, चपळ सेशन: दोन-तीन हलके सेट, एखाद-दोन मिनिटांचे स्पर्धेच्या वेगातले तुकडे आणि घरी. हात-पाय शिवशिवतात, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तसं वाटलं तर टेपर, म्हणजे स्पर्धेआधीची ही कपात, बरोबर चाललाय.

स्पर्धेनंतर एक आठवडा हलकं काम. मग पुन्हा पाच रेप्सचा स्क्वॉट, ५०० मीटर आणि २००० मीटर, एवढ्या तीनच चाचण्या, आणि दिशा नव्याने ठरवायची. माझे ताजे आकडे असे: स्क्वॉटची अंदाजे कमाल १३२.५ किलो, ५०० मीटर १:३२, २००० मीटर ७:०४. म्हणजे सरासरी १:४६, अपेक्षेपेक्षा चार सेकंद मागे. पुढचे दहा आठवडे दमाला द्यावे लागणार. सोमवारी तीन सेट स्क्वॉट, मंगळवारी आठ मिनिटांचे चार तुकडे.